मदत हवी आहे: 'सोनेरी शिरस्त्राणवाला माणूस' रेम्ब्रांटचा नाही, हे कशावरून ठरलं?

आमच्या चित्र-रसग्रहण गटात डच व्यक्तिचित्रांवर बोलायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. बर्लिनच्या गेमेल्डेगॅलरीतलं हे चित्र मला वगळायचं नाही, पण स्लाइडखाली चित्रकाराचं नाव काय टाकू?

१८९७ मध्ये ते रेम्ब्रांटचं म्हणूनच विकत घेतलं होतं. चित्रातला माणूस रेम्ब्रांटचा भाऊ, असंही सांगितलं जायचं. त्याच्या छापील प्रती घरोघरी लागल्या. मग १९८५ मध्ये जाहीर झालं की हे रेम्ब्रांटचं नाही, त्याच्या वर्तुळातल्या कुणाचं तरी आहे. कुणाचं, ते अजून ठरलेलं नाही.

ही बनावट नव्हे. काळ तोच, १६५० नंतरचा. मग गुरू आणि शिष्य एकाच प्रकारचं कॅनव्हासचं कापड, तेच रंग वापरत असतील तर हात कुणाचा हे कसं ओळखतात? तज्ज्ञांचा मुख्य आक्षेप रंगवण्याच्या पद्धतीवर दिसतो. शिरस्त्राणावर रंग इतका जाड चढवलाय की नक्षी उठावात कोरल्यासारखी वाटते, आणि खालचा चेहरा मात्र पातळ रंगात, सावलीत. एकाच चित्रात एवढी तफावत रेम्ब्रांट ठेवणार नाही म्हणे. मला तर वाटतं, चेहरा दाबलाय म्हणूनच तो धातू बोलतो! पण माझ्या वाटण्याला कोण विचारतो? शैलीपलीकडचा काही पुरावा आहे का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

प्रतिसाद १
स्लाइडवर 'रेम्ब्रांटचे वर्तुळ' असं लिहा. 'कार्यशाळा' नको; त्याचा अर्थ त्याच्या देखरेखीखाली झालेलं काम, आणि तेवढा दावा संग्रहालय करत नाही. पुराव्याचं म्हणाल तर बर्लिनमध्ये २०१९ पर्यंत चित्रांची न्यूट्रॉन ऑटोरेडिओग्राफी करत असत. चित्रावर न्यूट्रॉनचा मारा केला की त्यातली काही रंगद्रव्यं थोडा काळ किरणोत्सर्गी होतात. प्रत्येकाचा किरणोत्सर्ग ओसरण्याचा वेग वेगळा, त्यामुळे वेगवेगळ्या दिवशी फिल्म लावली की वेगवेगळे रंग उमटतात. वरच्या थराखाली कुंचला कसा फिरला ते दिसतं. निवाडा मात्र शेवटी माणसाच्या डोळ्यांनीच होतो.

प्रतिसाद २
आणि तो निवाडा फिरतोही. हेगच्या मॉरित्सहाउसमधलं 'साउल आणि डेव्हिड' बघा (व्यक्तिचित्र नाही, पण मुद्दा तोच). १९६९ मध्ये कला-इतिहासकार होर्स्ट गेरसनने ते रेम्ब्रांटचं नाही म्हटलं, आणि आठेक वर्षांच्या तपासणीनंतर २०१५ मध्ये संग्रहालयाने ते परत त्याच्या नावावर केलं. चित्र मध्ये कापून पुन्हा जोडलेलं, चित्रातल्या मधल्या पडद्यावर नंतर कुणीतरी रंग फासलेला. गेरसनने पाहिलं त्यात बरीचशी कारागिरी दुसऱ्यांची होती.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. 'वर्तुळ' लिहितो. पण एक विचारतो: शिरस्त्राणवाल्या चित्राच्या चेहऱ्यावरही असे नंतरचे रंग सापडलेत का? नसतील, तर गेरसनचा दाखला इथे लागू होणार नाही.