९ वर्षांच्या मुलीला अ‍ॅडिनोमायोमॅटोसिस, पित्ताशय काढावंच लागतं का?

म्हार्दोळची_माय:
मुलगी ९ वर्षांची, चार महिने झाले जेवल्यावर उजवीकडे बरगडीखाली दुखतं म्हणते, दोनदा तर उलट्या झाल्या. सासूबाई म्हणाल्या पित्त झालंय, सोलांचं पाणी द्या, आम्ही पण महिनाभर तेच देत बसलो. शेवटी सोनोग्राफी केली तर पित्ताशयाची भिंत जाड, अ‍ॅडिनोमायोमॅटोसिस असं आलंय, खडे नाहीत. नेटवर सगळं मोठ्या माणसांबद्दलच आहे, त्यात कॅन्सर शब्द दिसला आणि फोन बाजूलाच ठेवला. कोणाच्या मुलांना झालंय का?

सोनोग्राफीवाला:
आधी सांगा, तपासणी उपाशीपोटी केलेली का? खाल्लं की पित्ताशय आकसतं आणि भिंत उगाच जाड दिसते. हा कॅन्सर नाही. आतलं अस्तर स्नायूच्या थरात शिरून बारीक कप्पे होतात, त्यात कोलेस्टेरॉलचे कण अडकतात, सोनोग्राफीत त्याच्या मागे धूमकेतूसारखी शेपटी दिसते. मुलांत फारच क्वचित, म्हणून डॉक्टरपण दोनदा बघतात, गरज पडली तर एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) सांगतात.

म्हार्दोळची_माय:
अरे देवा, सकाळी चहा-बिस्कीट दिलेलं तिला, आम्हाला कोणी सांगितलंच नाही!

सोनोग्राफीवाला:
मग परत करा, किती तास उपाशी ते वेळ घेतानाच विचारा. भिंत साधारण ३ मिमीपर्यंत नॉर्मल धरतात.

वास्कोकार:
माझ्या भाच्याला हेच निघालेलं, ११ वर्षांचा होता. त्याला काहीच त्रास नसता तर नुसती अधूनमधून सोनोग्राफी करत राहू म्हणाले असते, पण दर पंधरवड्याला पोट धरून बसायचा म्हणून दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. यावर औषध नाही हो, गोळीने भिंत पातळ होत नाही. पिशवी तपासायला पाठवली, रिपोर्ट साधाच आला. तुम्ही बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात, पेडियाट्रिक सर्जनला (मुलांच्या) दाखवा, मोठ्यांच्या सर्जनकडे नको, आणि दीनदयाळ कार्ड (गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं) असेल तर बरोबर न्या, चालतं का ते तिथेच विचारा. मधेच ताप आला, डोळे पिवळे झाले किंवा शी पांढरट झाली तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका.

म्हार्दोळची_माय:
आणि काढल्यावर जेवणाचं काय? हिला मासळीशिवाय घास उतरत नाही.

वास्कोकार:
पित्त लिव्हरमध्येच तयार होतं, पिशवी फक्त साठवते, नसली तर ते सरळ आतड्यात उतरतं. भाच्याला पहिले काही दिवस शी पातळ व्हायची, तळलेलं बंद होतं. यंदा चवथीला त्याने सात नेवऱ्या (करंज्या) खाल्ल्या, मी मोजल्या.