प्रति: बाजूच्या रिकाम्या प्लॉटमधलं गवत, पालिका काही करू शकते का?

वर कोणीतरी म्हटलंय की प्लॉट खासगी असेल तर कोणालाच हात लावता येत नाही, ते तसं नाहीये. आमच्याकडे नवी मुंबईत नेरूळला सोसायटीच्या भिंतीला लागूनच असा प्लॉट होता, जुलै संपेपर्यंत टाकळा कमरेएवढा, मधे गाजर गवत, आणि भिंतीखाली पाणी साचलेलं, संध्याकाळी खिडकी उघडायची सोय नाही. त्यात एकदा वॉचमनला गेटजवळ घोणस दिसली, तेव्हा सगळे जागे झाले.

आम्ही वॉर्ड ऑफिसला लेखी अर्ज दिला. नुसता फोन करू नका, सेक्टर आणि प्लॉट नंबर टाका, तारखेसकट फोटो जोडा आणि पोचपावती घ्याच. अर्जात गवतापेक्षा डास आणि साप हे आधी लिहा, कारण मुद्दा आरोग्याचा आहे. तरीही कोणी हललं नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचं, कलम 152 आहे (पूर्वीच्या कायद्याचं, सीआरपीसीचं, 133), त्यात सार्वजनिक उपद्रव हटवायचा आदेश प्रांताधिकारी किंवा इतर कार्यकारी दंडाधिकारी जागामालकाला देऊ शकतात.

आणि ताई, तुम्ही म्हणताय तसं रात्री माणूस लावून सगळंच साफ करू नका प्लीज. गवत एक वेळ ठीक, पण त्यात सुबाभळीचं किंवा कसलंही झाड गेलं तर महाराष्ट्राच्या 1975 च्या झाडांच्या कायद्यात तुम्हीच अडकाल, झाड तोडायला पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. गाजर गवत फुलं यायच्या आत मुळासकट उपटायला लावा, हातमोजे घालूनच, आमच्या माळीदादांचे हात कोपरापर्यंत सुजले होते.