खातं शून्याखाली गेलं तर : थकबाकी, नावे की देणं?

कोराकागद : शेजाऱ्यापाजाऱ्यांनी एकमेकांची कामं करायची आणि पैशांऐवजी गुणांची नोंद ठेवायची, अशा सामायिक वहीचं अ‍ॅप मराठीत आणतोय. म्युच्युअल क्रेडिट म्हणतात ते. ज्यानं काम करून घेतलं त्याचं खातं शून्याखाली जातं. तिथे सध्या लाल अक्षरांत ‘थकबाकी’ दिसते. दुसरा शब्द सुचवा.

तळटीप : थकबाकी आधी काढा. मुदत उलटलेल्या देण्याला थकबाकी म्हणतात. इथे मुदतच नाही, मग थकलं काय? ‘कर्ज’ म्हटलं की मागोमाग व्याज आलं. जमाखर्चातली जुनी जोडी आहेच की : जमा–नावे. त्यात कुणावर ठपका नाही.

कानामात्रा : हिशेबनिसाला कळेल हो. पण ‘तुमच्या नावे ४०’ वाचून बहुतेकांना वाटेल, आपल्याकडे ४० गुण आहेत! जमीन नावे असते तशी. नेमका उलटा अर्थ.

तळटीप : खरंय. ‘नावे टाकणे’ अजून कळतं, नुसतं ‘नावे’ नाही.

आडवाटा : या वहीत सगळ्या खात्यांची बेरीज कायम शून्य असते. माझे ४० जमा झाले, तर बाकीच्यांचे मिळून ४० उणे. कुणीच शून्याखाली जायला तयार नसेल, तर पहिला व्यवहारच होणार नाही. म्हणून लाज वाटायला लावणारा शब्द इथे चालत नाही. मायकेल लिंटन यांनी १९८३ मध्ये कॅनडात ‘लेट्स’ नावाची अशीच सामायिक वही सुरू केली. तिथे उणे शिलकीला कर्ज न म्हणता ‘कमिटमेंट’ म्हणायची पद्धत पडली. आपण ‘बांधिलकी’ म्हणू?

कानामात्रा : ‘बांधिलकी ४०’? आधी ‘सामाजिक’ ऐकू येतं, मग भाषण सुरू होतं. साधं ‘देणं’ का नको?

तळटीप : देणं कुणाला, ते लिहावं लागेल. ज्यानं नळ दुरुस्त करून दिला त्याला एकट्याला नव्हे, सगळ्या गटाला. ‘गटाचं देणं : ४०’ असं लिहा. फेडायचं तेही गटातल्या कुणाचंही काम करून.

आडवाटा : हे आवडलं. टाइम बँकेत तर आणखी शोभेल. तिथे गुणांऐवजी तास लिहितात आणि कुणाच्याही कामाचा तास सारखाच मोजतात, त्यामुळे ‘दोन तास देणं’ हे हिशेबालाही लागू आणि कामालाही.

कोराकागद : मग खातं शून्याच्या वर असेल तिथे ‘येणं’ लिहू का?

कानामात्रा : नको. येणं म्हटलं की लोक वसुलीला निघतील. तिथे ‘जमा’च ठेवा, जोडी जुळली नाही तरी चालेल. आणि लाल रंगही काढा.