अनोळखी लोकांबरोबर सॅक टाकून पाहिलेलं शहर (माझं क्राकूफ, तुमचं कोणतं?)

अर्धी_खिडकी
काल माळा काढला. सॅक खाली ओढली तर तळाशी पांढरट डाग, हाताला चिकट. आधी वाटलं पालीचं काहीतरी असेल. मग आठवलं, मिठाचा खडा! २०१४ च्या ऑगस्टमध्ये क्राकूफजवळच्या व्येलिच्काच्या मिठाच्या खाणीबाहेरच्या दुकानातून घेतलेला, तेव्हा लिंबाएवढा होता. मुंबईच्या पावसाळ्यांत पाझरून पाझरून सुपारीएवढा उरलाय आणि जाता जाता चेनचे दात गंजवून गेलाय. आई म्हणाली टाकून दे. मी वाटीत ठेवलाय.

तेव्हा जर्मनीत शिकत होते. बरोबर येणारी मैत्रीण आदल्या रात्री तापाने फणफणली, तिकिटाचे पैसे परत मिळेनात, म्हणून एकटीच पूर्व युरोपात, पोलंडच्या क्राकूफला निघाले. होस्टेलात आठ खाटांची खोली, माझी वरची. आमची चौघांची ओळख झाली ती प्लगवरून. खोलीत चालू सॉकेट एकच आणि माझ्या सॅकमध्ये आईने कोंबलेला एक्स्टेन्शन बोर्ड! ब्राझीलची एक दातांची डॉक्टर, सैन्यातून नुकताच सुटलेला कोरियन मुलगा आणि तैवानच्या शाळेतल्या एक पन्नाशीच्या बाई. अर्ध्या तासात चौघांचे फोन माझ्या बोर्डाला आणि चौघं रात्रीच्या रिनेकवर. रिनेक म्हणजे तो मोठा चौक, एकेक बाजू साधारण २०० मीटर. दर तासाला मारियात्स्की चर्चच्या मनोऱ्यातून तुतारी वाजते, चार दिशांना चार वेळा, आणि सूर मध्येच तुटतो. वाजवून झालं की तुतारीवाला खाली हात हलवतो. तैवानच्या बाई दर तासाला पळत जाऊन त्याला टाटा करायच्या.

दुसऱ्या दिवशी खाण. ३०४ नंबरची बस. तिकीट काढलं, मशीनमध्ये टोचलं, सगळं नीट. पण ते फक्त शहराच्या हद्दीचं होतं, व्येलिच्का पुढच्या झोनमध्ये. साध्या कपड्यातला तपासनीस आला आणि चौघांना दंड. कोरियन इतका लाजला की सगळ्यांचा दंड मीच भरतो म्हणायला लागला, कारण मशीनची बटणं त्याने दाबली होती. खाणीत सुरुवातीलाच ३८० लाकडी पायऱ्या, गोलगोल खाली. भिंत चाटून बघितली, हो, सगळेच चाटतात. १०१ मीटर खोल अख्खं चर्च, झुंबरंसुद्धा मिठाची. डॉक्टरबाईंना झुंबरापेक्षा आधीच्या कामगारांच्या दातांचं काय झालं असेल याची काळजी.

संध्याकाळी होस्टेलच्या किचनमध्ये प्येरोगी करायची ठरली. बटाटा, पनीरासारखं चीज, परतलेला कांदा, आणि आकार थेट करंजीचा. सगळे काट्याने कडा दाबत होते. मी सवयीने मुरड घातली. दोन झाल्या, तीन झाल्या, मग लक्षात आलं की किचन शांत झालंय. मागे सहाजण उभे, एकजण व्हिडिओ काढतोय. आयुष्यात माझ्या मुरडीचं एवढं कौतुक घरी कधी झालेलं नाही.

तीनच दिवस. आता बाईंचा दर नवीन वर्षाला मेल येतो, डॉक्टर फेसबुकवर मांजरं टाकते, कोरियन गायब. लिहा तुमचंही.

कट्ट्यावरचा
एक्स्टेन्शन बोर्ड 😂 आई लोकांना भविष्य दिसतं.

सदाशिव३०
लेख बरा आहे. दोन दुरुस्त्या. पोलंडच्या लोकांना पूर्व युरोप म्हटलेलं आवडत नाही, ते स्वतःला मध्य युरोपीय म्हणवतात. दुसरं, सूर तुटण्यामागे तातारी बाण लागलेल्या पहारेकऱ्याची गोष्ट सांगतात, ती दंतकथा आहे. हल्ली तुतारी अग्निशमन दलाचे लोक वाजवतात. त्या प्येरोगीच्या प्रकाराला 'रुस्क्ये' म्हणतात, त्याचा रशियाशी संबंध नाही, रुथेनिया या जुन्या प्रांताशी आहे. २०२२ नंतर बऱ्याच ठिकाणी 'युक्रेनी' अशी पाटी लावली.

अर्धी_खिडकी
काका, तुम्ही कधी गेला होतात?

सदाशिव३०
गेलो नाही. वाचून आहे.

उपासाचं_थालीपीठ
शाकाहारी असाल तर तेच 'रुस्क्ये' सांभाळून खा. आत बटाटा पण वरून डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे. मला वाटलं तळलेला कांदा. अर्धी प्लेट संपल्यावर बरोबरची स्पॅनिश मुलगी म्हणाली, तू शाकाहारी ना? तिथून पुढे ती प्रत्येक ठिकाणी माझ्या आधी काउंटरला जाऊन चौकशी करायची. पाच दिवसांची मैत्रीण, पण सख्ख्या बहिणीने केलं नसतं.

आणि भाषा! तिकडे 'ताक' म्हणजे हो. दुधाच्या हॉटेलात गेलो, बार म्लेच्नी म्हणतात, कम्युनिस्ट काळापासूनची स्वस्त सरकारी अनुदानाची खाणावळ. काउंटरवरच्या मावशी फोनवर ताक ताक ताक. मी ट्रेवर ताक शोधतेय. मग माझ्याकडे बघून 'प्रोशे पानी'. मी मान हलवली, नको, पाणी आहे माझ्याकडे. त्या परत, जोरात. पानी म्हणजे बाई! अहो बाई, तुमचं सूप गार होतंय, असं चाललं होतं.

डबा_विसरला
ताकावरून आठवलं. बल्गेरियाच्या सोफियात खरंच ताक मिळतं, आयरान म्हणतात. सकाळी बानित्सा (चीजची पापुद्र्यांची पेस्ट्री) आणि आयरान, पोट गार. पण तिकडे मानेचा घोळ. आडवी हलवली की हो आणि वर झटकली की नाही. होस्टेलातल्या दोन इटालियन पोरांबरोबर हिंडत होतो, ते जिथे तिथे होकाराची मान हलवून नाही म्हणत सुटलेले. माझी मान तर ना आडवी ना उभी, आपली देशी. बेकरीवाल्या आजीने शेवटी पिशवी हातात दिली आणि सुटे पैसे स्वतःच माझ्या तळहातावरून उचलून घेतले.

पंचगंगा_काठ
आमचं गाव वळिवड्याजवळ. १९४३ ते ४८ तिथं पाचेक हजार पोलंडची माणसं छावणीत होती, रशियातनं सुटून आलेली, बायका आणि पोरंच जास्त. आता तिथं गांधीनगर. आज्जी सांगायची, गोऱ्या बायका बाजारात भाजीला यायच्या आणि मोडकं मराठी बोलायच्या. तर मी क्राकूफच्या होस्टेलात एका पोलिश पोराला छाती फुगवून सांगितलं, तुमची माणसं आमच्या कोल्हापुरात होती. गड्याला काय ठावकीच न्हाई. मोबाईलवर शोधलं, स्पेलिंग तीनदा चुकलं, मग सापडलं. ते वाचून गडी गप्प बसला आणि म्हणाला चल. मला वाटलं कुठं स्मारकाला नेतोय. प्लात्स नोवी चौकात नेलं आणि झापिएकांका खायला घातला. हातभर लांब पाव, वर मशरूम चीज. आम्ही वाटून खाल्ला. वॉर्सात कोल्हापूरचं स्मारक आहे, पण मी तिकडं गेलोच न्हाई, पैसे संपलेले.

कट्ट्यावरचा
झापिएकांका विरुद्ध मिसळ, निकाल द्या.

पंचगंगा_काठ
ह्यात काय इच्यारतोस. कट असता तर बघितलं असतं.

लेकीची_आई
माझी मुलगी डिसेंबरात जातेय, एकटीच. आठ खाटांच्या खोलीत मुलंमुली एकत्र असतात का हो? ती म्हणते असतात, मी म्हणते नसतील. थंडी किती?

अर्धी_खिडकी
काकू, असतात, पण बायकांची वेगळी खोलीही बहुतेक ठिकाणी मिळते, बुक करताना बघायचं. सामानाच्या कपाटाला स्वतःचं छोटं कुलूप न्यायला सांगा. डिसेंबरात शून्याखाली जातं. आणि बोर्ड द्या 😀

घाटमाथा
मला लिहावं की नाही कळत नव्हतं. आम्ही होस्टेलातली पाच जणं आदल्या रात्री काझिमिएशमध्ये (क्राकूफची जुनी ज्यू वस्ती) दोनपर्यंत जागलो आणि सकाळच्या बसने ओश्विएंचिमला गेलो. आउश्वित्झ, नाझींची छळछावणी. सत्तरेक किलोमीटर. जाताना नुसती थट्टामस्करी. आमच्यात एक जर्मन मुलगा होता. मारलेल्या माणसांचे केस ठेवलेत त्या खोलीत तो थांबलाच नाही, बाहेर जाऊन पायरीवर बसला. परतताना बसमध्ये कोणीच बोलत नव्हतं. त्याने पिशवीतून ओब्वाझानेक काढला, तो निळ्या गाड्यांवर मिळतो तो कड्यासारखा गोल पाव, मोडला आणि अर्धा मला दिला. सकाळचा होता, वातड झालेला. रात्री आम्ही कोणी बाहेर गेलो नाही. दुसऱ्या दिवशी तो पहाटेच निघून गेलेला, खाटेवरची चादर घडी करून.

उपासाचं_थालीपीठ
🙏

खारी_बटर
आम्ही बुडापेस्टला. सेचेनी बाथमध्ये म्हातारे आजोबा गरम पाण्यात कमरेपर्यंत उभे राहून बुद्धिबळ खेळतात, फोटोत बघितलं असेलच. बरोबरच्या दोन तुर्की मुलींनी पैज लावली आणि मला बसवलं. म्हणजे उभं केलं. पंधरा मिनिटांत हरले. आजोबांनी घोडा परत जागेवर ठेवून दाखवलं, इथे चुकलीस. बोटांच्या सुरकुत्या बघून तुर्की मुली म्हणाल्या, वयाने बरोबरी झाली. तिथली पहिली मेट्रो १८९६ ची आहे, डबे एवढे बुटके की सॅकसकट वळताना एकाला ठोसा बसला. बाकी नंतर लिहिते, दूध उतू गेलं.

सदाशिव३०
व्येलिच्काच्या खाणीत पूर्वी घोडे काम करत. शेवटची घोडी २००२ साली वर आणली.

लेकीची_आई
अगं बाई. बिचारी. उजेडाने डोळे दिपले असतील.

कट्ट्यावरचा
खिडकी, चेनला मेणबत्ती घासून बघितलीस का? नाहीतर चेनवाला गाठ, नुसता रनर बदलून देतात, अख्खी चेन नको.

अर्धी_खिडकी
घासली. अर्ध्यावर जाते आणि अडकते. रविवारी नेते. थांबा, ओट्यावरची वाटी दिसत नाहीये. आईने तो खडा आमटीत टाकला की काय बघून येते.

पंचगंगा_काठ
आमटी कशी झाली ते कळव.