आल्याचा चहा फाटतोय, काय चुकतंय?

चहाबाज_रत्नागिरी: पाऊस लागला की आमच्याकडे परसातला गवती चहा, आलं आणि दालचिनीचं पान घालून चहा होतो, पडवीभर वास सुटतो, पण काल नेमकं पाहुण्यांसमोर फाटला! दूध सकाळचंच होतं हो.

मालवणची_सून: आलं दुधात टाकलंत ना? कच्च्या आल्यातल्या एन्झाइमने दूध फाटतं. आधी पाण्यात खळखळून उकळा, मग दूध.

दापोलीकर: +१. गवती चहा मात्र शेवटी टाकून झाकण ठेवा, नाहीतर वास उडतो. आमच्याकडे इथल्या कोकण कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण तेज’ जातीच्या दालचिनीचं झाड आहे, त्याचं अर्धं पान पुरतं. जायफळ किसणीवर दोनदाच फिरवा, जास्त झालं की कडूच.

चहाबाज_रत्नागिरी: आत्ताच केला, नाय फाटला! भजी तेवढी राहिली.