ब्लॅकजॅक : पत्ते मोजणे आणि कायदा
ब्लॅकजॅक या कॅसिनोतल्या पत्त्यांच्या खेळात पत्ते मोजणे, म्हणजे कोणते पत्ते निघून गेले याचा हिशेब ठेवणे, हा गुन्हा आहे, असे अनेकदा गृहीत धरले जाते. ते बरोबर नाही. अमेरिकेतल्या नेवाडा राज्याने १९३१ साली जुगाराला कायदेशीर मान्यता दिली, पण निव्वळ डोक्याने पत्त्यांचा हिशेब ठेवणे तिथेही कधी गुन्हा ठरले नाही. गुन्हा ठरतो तो त्यासाठी एखादे उपकरण वापरणे. एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाने १९६२ साली दाखवून दिले की, वाटून झालेले पत्ते गड्डी पुन्हा पिसेपर्यंत परत येत नसल्यामुळे गड्डीत एक्के आणि दहा किमतीचे पत्ते जास्त उरले असताना पारडे खेळणाऱ्याच्या बाजूला झुकते. तेव्हापासून कॅसिनोंचा खरा झगडा या स्मरणशक्तीशी आहे.

नेवाडात कॅसिनो अशा खेळाडूला सरळ बाहेर काढू शकतो. न्यू जर्सी राज्यात मात्र पत्ते मोजणाऱ्या केन उस्टन या खेळाडूच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये निर्णय दिला की, नियामक आयोगाचा तसा नियम नसताना केवळ पत्ते मोजतो म्हणून कोणाला मज्जाव करण्याचा अधिकार कॅसिनोला नाही. मला हा निर्णय अतिशय न्याय्य वाटतो, कारण खेळ मांडणाऱ्यानेच लक्ष देऊन खेळणाऱ्याला हाकलणे पटण्यासारखे नाही.

त्यानंतर कॅसिनोंनी गड्ड्या वाढवल्या, पत्ते लवकर पिसायला सुरुवात केली आणि अनेक टेबलांवर ब्लॅकजॅकचा (म्हणजे पहिल्या दोन पत्त्यांत एक्का आणि दहा किमतीचा पत्ता आल्याचा) मोबदला तीनास दोनऐवजी सहास पाच केला. म्हणजे १० डॉलरच्या डावावर १५ऐवजी १२ डॉलर मिळतात, आणि एवढ्यानेच कॅसिनोचा वरचष्मा सुमारे १.४ टक्क्यांनी वाढतो.