इंडोनेशियाला जायचंय, तिथल्या चालीरीतींबद्दल सांगा ना

भटकी_मुंबईकर:
पाडव्याच्या सुमारास आईबाबांना घेऊन आधी जोगजकार्ता मग बाली असा दहा दिवसांचा प्लॅन आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर सारखं येतं ना, मुस्लिम देश असून नोटेवर गणपती, घरोघरी रामायण वगैरे, त्यामुळे आई जाम खूश आणि मला धाकधूक की तिथे गेल्यावर भलतंच निघायचं. कोणी राहिलंय का तिकडे? आई पक्की शाकाहारी आहे.

जकार्ता_रिटर्न:
गणपतीची नोट होती, १९९८ ची २०,००० रुपियावाली, पण ती कधीच बंद झाली, शोधत बसू नका. रामायण-महाभारत आहे पण ते पार जावाचं झालंय. वायांग कुलित म्हणजे चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ बघत होतो, शेजारच्या आजोबांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं द्रौपदीचे पाच नवरे, ते नुसते हसले. त्यांच्याकडे ती एकट्या युधिष्ठिराची बायको! आणि शिखंडी म्हणजे स्रीकांदी, धनुष्य घेतलेली बाई, तीही अर्जुनाची बायको. पण भाव खाऊन जातो सेमार, ढेरपोट्या नोकर, व्यासांकडे नाहीच तो, मुळात देव असल्यामुळे राजेसुद्धा त्याचं ऐकतात. खेळ रात्रभर चालतो, सगळ्या बाहुल्यांचे आवाज एकटा दालांग, म्हणजे बाहुल्या नाचवणारा, काढतो, मांडी घालून बसल्या बसल्या पायाने पत्रे वाजवून गामेलानवाल्यांना, म्हणजे तिथल्या वाद्यवृंदाला, इशारे देतो. पडद्यामागे त्याच्या बाजूला जाऊन बसा, तिथून रंगीत बाहुल्या दिसतात.

कुडाळकर:
आमच्या पिंगुळीत ठाकर समाजाकडे पण चामड्याच्या बाहुल्या आहेत, आधी त्या बघून जा, मग तिकडे दुप्पट मजा येईल 😀

पुणेरी_मिसळ:
ताई, तिकिटं काढण्याआधी न्येपीची तारीख बघा!! बालीचं शक नववर्ष, २०२३ मध्ये तर नेमकं आपल्या पाडव्यालाच होतं, २०२५ मध्ये एक दिवस आधी. पण गुढी, श्रीखंड सोडा, सकाळी ६ ते दुसऱ्या दिवशी ६ सगळं बंद, दिवे नाहीत, रस्त्यावर कुत्रं नाही, विमानतळसुद्धा बंद. आम्हाला ट्रॅव्हलवाल्याने हे सांगितलंच नव्हतं, हॉटेलात अडकलो, पडदे ओढून पत्ते खेळत बसलो. आदल्या रात्री मात्र ओगोह-ओगोहची मिरवणूक असते, बांबूचे अक्राळविक्राळ राक्षस खांद्यावर नाचवतात, ती चुकवू नका.
काकूंसाठी टेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या) आणि टोफू भरपूर, पण सांबालमध्ये, म्हणजे तिथल्या मिरचीच्या चटणीत, बहुतेक वेळा तेरासी असते, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा गोळा, गाडो-गाडो म्हणजे उकडलेल्या भाज्या, त्यांच्या शेंगदाण्याच्या चटणीत पण घालतात. "तानपा तेरासी" (तेरासी नको) पाठ करा. आणि बोट दाखवायचं तर अंगठ्याने, देणंघेणं उजव्या हाताने.

भटकी_मुंबईकर:
बाप रे, तिकिटं आजच काढणार होते. तारीख बघते आधी. आईला द्रौपदीचं सांगितलं, म्हणाली बरंच आहे की.